वादळ स्वतःच समुद्र थंड करतं, मग मरत का नाही?

बिनपाण्याचा_मासा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

मी पुण्यात बँकेत आहे. समुद्राशी संबंध म्हणजे डिसेंबरात दिवेआगर आणि शुक्रवारी सुरमई. तरी गेली काही वर्षं चक्रीवादळांचे नकाशे बघायचं वेड लागलंय. बायको म्हणते, लोक शेअर बाजार बघतात, हा माणूस मेक्सिकोचं आखात बघतो.

तर मुद्दा. अमेरिकेत हरिकेन आलं की बातम्यांत एकच पालुपद असतं: समुद्र तापलाय, म्हणून वादळ मोठं झालं. ठीक. पण वादळ पुढे गेल्यावर उपग्रहाचा तापमानाचा नकाशा बघा. त्याच्या मागे लांबलचक निळा पट्टा दिसतो, कुणी ओला ब्रश फिरवल्यासारखा. म्हणजे वादळाने तिथली उष्णता खाऊन टाकली. मग ऑक्टोबर २०२४ मध्ये मिल्टन नावाचं वादळ दिवसभरात कॅटेगरी एकवरून पाचवर (म्हणजे सर्वांत जोरदार) गेलं ते कशाच्या जोरावर? त्याच्या आधी दोन आठवडेसुद्धा झाले नव्हते, हेलेन नावाचं दांडगं वादळ त्याच आखातातून गेलं होतं. एकाने ताट पुसून खाल्लं, तर दुसऱ्याचं पोट भरलं कसं?

माझं मत असं की 'गरम समुद्र म्हणून मोठं वादळ' हे अर्धवट आहे. जाणकारांनी खोडून काढावं. मी भांडायला तयार आहे.

चहाबाज

मरतं की. जमिनीवर आलं की मरतं. नवरेमंडळींसारखंच, उंबरठ्यापर्यंतच काय तो जोर.

विहीरवाला

मासेराव, तुम्ही कधी विहिरीत पोहला आहात का? आमच्याकडे (वाई तालुका) मे महिन्यात दुपारी विहिरीत सूर मारला की पहिलं हातभर पाणी कोमट लागतं. जरा खाली गेलं की पायाच्या बोटांना असं गार लागतं की श्वास अडकतो. आणि पाच-सहा पोरं एकदम दंगा करायला लागली की दहा मिनिटांत वरचं पाणीही गार. पोरांनी काही उष्णता खाल्ली नाही, फक्त ढवळलं.

माझा अंदाज, तुमचा निळा पट्टा म्हणजे दंग्याची खूण आहे, ताट पुसल्याची नव्हे.

बिनपाण्याचा_मासा

@विहीरवाला, उदाहरण आवडलं. पण मग वादळ आपल्याच पाण्यात स्वतःच विसण घालतंय असं झालं. मग तर त्याने आणखी लवकर मरायला हवं!

रेवा_पणजी

विहीरवाले दादा, अगदी बरोबर. आणि मासेराव, 'विसण' हा शब्द मी आता आमच्या चहाच्या टेबलावर वापरणार. मी समुद्रविज्ञानात आहे, वरच्या शंभर-दोनशे मीटर पाण्यावरच काम करते, त्यामुळे जरा लांब लिहिते. सांभाळून घ्या.

वादळ समुद्रातून ऊर्जा घेतं ती मुख्यतः बाष्पीभवनातून. गरम पाण्याची वाफ वर जाते, तिचे ढग होतात, तेव्हा तिच्यातली उष्णता मोकळी होते आणि त्यावर वादळाचं इंजिन चालतं. साधारण २६.५ अंशांच्या वर पाणी हवं असं पुस्तकात लिहिलेलं असतं. पण समुद्राकडे उष्णतेचा साठा इतका प्रचंड आहे की नुसत्या वरच्या तीनेक मीटर पाण्याला एक अंश तापवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात अख्खी वातावरणाची उंची एक अंशाने तापेल. त्यामुळे वादळाने 'खाल्ल्याने' समुद्र फारसा गार होत नाही.

गार होतो तो ढवळल्याने. वाऱ्याने वरचं पाणी जोरात वाहू लागतं, खालचं गार पाणी जागेवरच असतं, दोन्ही थर एकमेकांवर घासतात आणि खालचं पाणी वर मिसळतं. जेम्स प्राइस यांचा १९८१ चा निबंध आमच्या विषयात सगळ्यांना पहिल्या वर्षी वाचावा लागतो. त्यात हिशोब आहे: वरच्या थराच्या गारव्यातला साधारण ८५ टक्के वाटा या मिसळण्याचा. हवेत गेलेल्या उष्णतेचा वाटा किरकोळ. पृष्ठभाग एक अंशाने उतरतो, कधी पाच-सहा अंशांनीही.

आता 'मरत का नाही'. दोन कारणं. एक, गारवा बहुतेक वेळा वादळाच्या मागे पडतो, आणि वादळ तोवर पुढच्या ताज्या गरम पाण्यावर सरकलेलं असतं. दोन, आणि हे खरं महत्त्वाचं, सगळीकडे खालचं पाणी सारखं गार नसतं. बादलीत गरम पाणी चार बोटंच असेल तर हात फिरवल्याबरोबर सगळं गार. पाऊण बादली गरम असेल तर ढवळा किती ढवळायचं ते.

म्हणून मासेराव, तुमचं 'अर्धवट' बरोबर आहे, फक्त तुमचं कारण चुकलंय. वरची कातडी किती तापली यापेक्षा गरम पाणी किती खोलवर आहे ते बघायचं.

चहाबाज

मी एक ओळीचा विनोद केला आणि इथे वर्ग भरला. मागच्या बाकावर जागा धरली आहे.

पुरावा_कुठाय

बादली, विहीर, ताट. छान. पण वादळाच्या ताकदीला वातावरणाचीही कारणं असतात ना? वरच्या आणि खालच्या वाऱ्यातला फरक, कोरडी हवा वगैरे. समुद्राची खोलीच कारणीभूत, हे एखाद्या प्रत्यक्ष वादळात वेगळं काढून दाखवता येतं का? का नुसतं पाठीमागून शहाणपण?

रेवा_पणजी

रास्त प्रश्न. कतरिना घ्या, २००५.

२५ ऑगस्टला ते फ्लोरिडावरून गेलं तेव्हा कॅटेगरी एकचं, म्हणजे तसं साधंच वादळ होतं. आखातात शिरलं आणि २८ तारखेला कॅटेगरी पाच, वारे ताशी २८० किमीच्या घरात. त्या दिवसांत अख्खं आखात वरून तापलेलं होतं, सगळीकडे ३० अंशांच्या आसपास. नुसता पृष्ठभागाचा नकाशा बघून कळलंच नसतं की वादळ इथेच का फुगलं. पण उपग्रहाने मोजलेली समुद्राची उंची बघितली तर उत्तर समोर होतं. गरम पाणी प्रसरण पावतं, त्यामुळे जिथे गरम थर जाड असतो तिथे समुद्राचा पृष्ठभाग काही दशांश मीटर वर आलेला असतो. कतरिना नेमकं अशा फुगवट्यावरून गेलं.

हा फुगवटा म्हणजे लूप करंट. कॅरिबियनमधलं गरम पाणी मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पाजवळच्या सामुद्रधुनीतून आखातात शिरतं, एक वळसा घेतं आणि फ्लोरिडाच्या खालून बाहेर पडतं. कधीकधी त्या वळशाचा तुकडा सुटतो आणि गरम पाण्याचं भलंमोठं भोवऱ्यासारखं चाक महिनोन्महिने आखातात फिरत राहतं. त्याच्यात २६ अंशांचं पाणी शंभर मीटर आणि त्याखालीही असतं. आजूबाजूच्या आखातात त्याच्या निम्म्यावरच गारठा लागतो. १९९५ चं ओपल असंच एका चाकावरून जाताना एकाएकी वाढलं होतं, आणि तेव्हापासून अमेरिकन हवामानवाले या चाकांवर डोळा ठेवून असतात.

आता तुमचा मुद्दा मान्य: किनाऱ्याला लागेपर्यंत कतरिना कॅटेगरी तीनवर आलं त्यात कोरडी हवा आणि वादळाच्या डोळ्याभोवतीची, म्हणजे मधल्या शांत भागाभोवतीची, ढगांची भिंत बदलणं हेही होतं. सगळं श्रेय समुद्राला देत नाही.

आणि मिल्टन: आखात एकच असलं तरी गल्ल्या वेगळ्या होत्या. हेलेन पूर्वेकडून सरळ उत्तरेला गेलं. मिल्टन फुगलं ते युकातानच्या उत्तरेला, हेलेनच्या वाटेच्या पश्चिमेला. ते ताट कुणी उष्टं केलेलंच नव्हतं. फ्लोरिडाजवळ येता येता ते उतरलं, पण ते मुख्यतः वरच्या वाऱ्यांनी.

खरोखरच एकाच्या पुसलेल्या ताटावर दुसरं बसल्याचं उदाहरणही आहे. ऑगस्ट १९९८, अटलांटिक. बॉनी वादळाने मागे सोडलेल्या गार पट्ट्यावर डॅनिएल वादळ आलं आणि त्याचा जोर ओसरला.

ह्यूस्टनची_मावशी

कतरिनाचं नाव वाचलं आणि हात थांबला. आम्ही २००३ पासून ह्यूस्टनला. कतरिना न्यू ऑर्लिन्सला गेलं, आमच्या शाळांच्या जिममध्ये तिथली माणसं आली. आम्ही चादरी, डबे नेऊन देत होतो. आणि तीनच आठवड्यांत रीटा. तेही त्याच लूप करंटवरून जाऊन कॅटेगरी पाच झालेलं, आणि नकाशावरचा बाण सरळ आमच्याकडे.

अख्खं शहर एकदम निघालं. आम्ही पहाटे चारला निघालो, सासूबाई मागच्या सीटवर, मांडीवर देवांचा डबा. गाडीचा एसी बंद, कारण पेट्रोल संपेल आणि पुढचे सगळे पंप कोरडे. बाहेर ३८ अंश. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी केली होती, ती शेजारच्या गाडीतल्या मेक्सिकन कुटुंबाबरोबर वाटून खाल्ली. त्यांच्या छोट्याला चटणी तिखट लागली, तर सासूबाईंनी त्याला गुळाचा खडा दिला. संध्याकाळी सहाला आम्ही घरापासून फक्त पन्नास मैलांवर होतो. आणि रीटा शेवटी पूर्वेला वळलं, टेक्सास-लुइझियानाच्या हद्दीवर लागलं. ह्यूस्टनला फारसं काही झालं नाही. त्या पळापळीत मात्र शंभरावर माणसं गेली.

तेव्हा वाटायचं वादळ म्हणजे वरून येणारं काहीतरी. ते खालच्या पाण्याच्या वळशाने ठरतं हे आज या धाग्यावर कळतंय. वीस वर्षांनी.

विहीरवाला

मावशी, गुळाचा खडा लक्षात राहील.

इंजिनरूम

बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं, रेवाताईंचं वाचून राहवलं नाही.

मी मर्चंट नेव्हीत, इंजिन साइडला. वादळ काय असतं ते आम्ही खिडकीतून बघत नाही, खाली खिडकीच नसते. पण जहाजाचं इंजिन समुद्राच्या पाण्यानेच गार करतात. तळाजवळच्या सी चेस्टमधून (पाणी आत घ्यायच्या कप्प्यातून) पाणी आत येतं, त्याचं तापमान दर वॉचला, म्हणजे चार तासांच्या पाळीला, लॉगमध्ये लिहायचं. मी फोर्थ इंजिनिअर होतो तेव्हा सिंगापूरहून जपानकडे जाताना पुढे एक टायफून (तिकडचं चक्रीवादळ) आडवं आलं, पश्चिमेला चाललेलं. कॅप्टनने वेग कमी करून त्याला पुढे जाऊ दिलं आणि मग आम्ही त्याच्या मागून उत्तरेला निघालो. आकाश निळं, समुद्र अजून मोठ्या लाटांचा. आणि गेजवर बघतो तर २९ चं पाणी २४ वर! मला वाटलं थर्मामीटर बिघडला. सेकंड इंजिनिअर म्हणाला, टायफूनने तळ ढवळलाय बाळा, नोंद कर आणि चहा आण.

पुरावा_कुठाय

पाच अंश? गेज बिघडलेलं नव्हतं हे नक्की? आणि ही आठवण किती वर्षांपूर्वीची?

इंजिनरूम

सतरा-अठरा वर्षं झाली. माझी खिशातली डायरी होती, त्यात मी आकडे उतरवत असे. आईकडे चिपळूणला माळ्यावर ट्रंकेत असेल, २०२१ च्या पुरातून वाचली असेल तर. दिवाळीला जाईन तेव्हा बघतो.

हर्णैचा_तांडेल

तुम्ही सगळे नकाशावर बोलताय, आम्ही पाण्यावरचे. माझं ऐका.

फयान वादळ आलं ११ नोव्हेंबर २००९ ला. ऐन मासेमारीचे दिवस, होड्या बाहेर. ते अलिबाग-मुंबईच्या मध्ये आत शिरलं, पण मार आम्हालाही बसला. आमच्या बंदरातली माणसं परत आली नाहीत, ते इथे लिहीत नाही. निसर्ग ३ जून २०२० चं, तेव्हा मासेमारीची बंदी लागलेली, होड्या वर ओढून शाकारून ठेवलेल्या. माणसं वाचली, पण सुपारीच्या बागा आडव्या. काकांच्या बागेत उभं झाड शोधावं लागत होतं. तौक्ते २०२१ ला बाहेरून बाहेरून गुजरातेत गेलं.

पण सांगायचं वेगळंच. वादळ गेल्यावर आठ-दहा दिवसांनी पाण्याचा रंग बदलतो. हिरवट होतं. बाबा म्हणायचे, दर्याने पोट वर केलंय, आता बांगडा येईल. आणि फयाननंतर आला होता. त्याला काय म्हणायचं?

रेवा_पणजी

तांडेल दादा, 'दर्याने पोट वर केलंय' याला आम्ही लोक तीन पानं खर्च करतो.

खालचं पाणी नुसतं गार नसतं, त्यात नायट्रेटसारखं खत असतं. वर उजेड असतो पण खत संपलेलं असतं. ढवळलं की खत उजेडात येतं आणि सूक्ष्म वनस्पती वाढतात. जुलै २००० मध्ये काइ-तॅक नावाचं टायफून दक्षिण चीन समुद्रात जवळपास एका जागी रेंगाळलं. पाणी नऊ अंशांहून जास्त गार झालं आणि पृष्ठभागावरचं हरितद्रव्य तीसपट वाढलं. आपल्याकडे २००७ च्या गोनू वादळानंतर अरबी समुद्रातही असा हिरवा पट्टा उपग्रहाने टिपला होता. हैदराबादची इन्कॉईस संस्था तुम्हाला मासे कुठे मिळतील याचे जे संदेश पाठवते, तेही पाण्याचं तापमान आणि हिरवेपणा बघूनच.

पण हिरवं पाणी ते बांगडा हा प्रवास लांबचा आहे. किनाऱ्याजवळ उथळ पाण्यात तळाचा गाळही वर येतो आणि तोही रंग बदलतो. फयाननंतर तुम्हाला बांगडा मिळाला तो त्यामुळेच, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही.

हर्णैचा_तांडेल

ताई तुम्ही सांगू नका, बांगडा मिळाला होता एवढं मी सांगतो. आठ पाट्या.

पुरावा_कुठाय

वादळानंतर निम्म्या होड्या बाहेरच गेल्या नसतील, म्हणून जे गेले त्यांना जास्त मिळाला असेल. हेही एक कारण.

हर्णैचा_तांडेल

बरं बाबा. तू एकदा ये, होडीत बस, मग पुरावा मोजू.

चहाबाज

माझ्याकडे जागतिक तोडगा आहे. वादळ यायच्या आधीच समुद्रात विसण घालायचं! पंपाने खालचं गार पाणी वर आणा, वादळ उपाशी. पेटंट माझं, मिरजेत कारखाना टाकतो.

रेवा_पणजी

हसू नका, लोकांनी खरोखर असे प्रस्ताव दिले आहेत. २०२२ मध्ये मायामीच्या संशोधकांनी संगणकावर हिशोब केला. सुमारे २,६०,००० चौरस किलोमीटर समुद्र, २१,००० घन किलोमीटर पाणी, दोन अंशांनी गार केलं. वादळ फक्त १५ टक्क्यांनी कमी झालं. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौ. किमी आहे, म्हणजे जवळजवळ अख्ख्या महाराष्ट्राएवढ्या समुद्रात पंप लावा, तेही वादळ कुठून जाणार हे आधी ओळखून.

चहाबाज

मिरजेचा कारखाना रद्द. महावितरणने जोडणी दिली नसती म्हणा.

कटकची_सून

मूळची नाशिकची, लग्न होऊन कटकला आले ती १९९८ मध्ये. पुढच्याच वर्षी २९ ऑक्टोबरला महाचक्रीवादळ. घराचे पत्रे नुसते उडाले नाहीत, सापडलेच नाहीत. पिण्याचं पाणी पाच दिवस नारळाचं.

माझा प्रश्न रेवाताईंना. अरबी समुद्रापेक्षा बंगालच्या उपसागरात वादळं कितीतरी जास्त, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरची जास्त वाईट. आमच्याकडचं पाणी ढवळून गार होत नाही का?

रेवा_पणजी

ताई, तुम्ही माझ्या सर्वांत आवडत्या गोष्टीवर बोट ठेवलंत.

नोव्हेंबरात उत्तर बंगालच्या उपसागरात ढवळूनही पाणी फारसं गार होत नाही! कारण गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती आणि पावसाळ्याचं सगळं गोडं पाणी वर येऊन पसरतं. गोडं पाणी हलकं, खारं जड. त्यामुळे वर गोड्या पाण्याचं झाकण बसतं. त्याच्या खाली जे खारं पाणी आहे तेही गरमच असतं, कधीकधी वरच्याहून थोडं जास्तच, आणि त्याच्याही बऱ्याच खाली गार पाणी सुरू होतं. वादळ येऊन ढवळतं, पण गरमात गरम मिसळतं. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या देबाशीष सेनगुप्ता यांनी सहकाऱ्यांबरोबर २००८ मध्ये हेच दाखवलं: मे महिन्यातली वादळं तिथलं पाणी दोन-तीन अंशांनी गार करतात, पावसाळ्यानंतरची जवळपास नाहीच.

अटलांटिकमध्ये हेच काम ॲमेझॉन आणि ओरिनोको या नद्यांचं पाणी करतं. कॅरिबियनकडे जाणारी वादळं त्या गोड्या पाण्यावरून जातात.

अर्थात वादळांची संख्या जास्त असण्याला इतरही कारणं आहेत. अरबी समुद्रात पावसाळ्यात वरच्या वाऱ्यांचा फरक इतका असतो की वादळ उभंच राहत नाही. तरी तिथलं चित्र बदलतंय. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या अभ्यासात २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातली चक्रीवादळं आधीच्या दोन दशकांपेक्षा ५२ टक्क्यांनी वाढलेली दिसली.

कटकची_सून

म्हणजे झाकण घातलेलं पातेलं. कळलं. सासरेबुवा म्हणायचे की इथला दर्या वर गोड आणि आत खारट आहे, माणसांसारखा. मला वाटायचं मला टोमणा आहे.

जर्सीचा_जोशी

एक भर. आयरीन वादळ, ऑगस्ट २०११. आमच्या न्यू जर्सीत टीव्हीवर केवढा गहजब, आणि आलं तेव्हा वारा अंदाजापेक्षा कमी. (पुराने मात्र वाट लावली.) नंतर वाचलं की इथल्या उथळ समुद्रात हिवाळ्यातलं गार पाणी उन्हाळाभर तळाशी पडून असतं. आयरीनचा डोळा पोचायच्या आधीच पुढच्या वाऱ्यांनी ते वर आणलं. रटगर्स विद्यापीठाचं पाण्याखालचं ग्लायडर (माणसाशिवाय फिरणारं मोजणीचं यंत्र) तेव्हा तिथेच होतं, त्याने मोजलं. म्हणजे गारवा नेहमी मागेच पडतो असं नाही, कधी तोंडापुढेच ताट रिकामं होतं.

रेवा_पणजी

हो, म्हणून वर 'बहुतेक वेळा' लिहिलं होतं. :)

बिनपाण्याचा_मासा

दोन दिवस क्लोजिंगमध्ये होतो, आता सगळं वाचलं. माझ्या मताचं तुम्ही भरीत केलंत, पण चविष्ट झालंय.

भांडायला अजून एक मुद्दा आहे. निळे पट्टे परत काढून बघितले. वादळाची वाट मधोमध आखली तर निळा रंग सारखा दोन्ही बाजूंना नसतो. उजवीकडे जास्त असतो. दहा वादळं बघितली, आठ-नऊ वेळा उजवीकडे. हे काय गौडबंगाल?

रेवा_पणजी

मासेराव, बँक सोडा, आमच्याकडे या.

झोपाळ्याचा प्रकार आहे. वाऱ्याने पाण्याला एकदा धक्का दिला की पृथ्वीच्या फिरण्यामुळे ते पाणी सरळ जात नाही, उत्तर गोलार्धात घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वळत राहतं. ३० अक्षांशावर एक फेरी २४ तासांची, मुंबईच्या अक्षांशावर सुमारे ३७ तासांची. आता वादळ जात असताना त्याच्या वाटेच्या उजवीकडे एका जागी उभे राहा: वाऱ्याची दिशाही घड्याळाच्या काट्यांसारखीच बदलत जाते. म्हणजे झोपाळा जिकडे चाललाय तिकडेच मागून ढकलणं. पाणी जोरात धावतं, खालचा थर जास्त घासला जातो, जास्त गार पाणी वर येतं. डावीकडे वारा उलटा वळतो, झोपाळा येतोय आणि तुम्ही समोरून हात लावताय. त्यात उजवीकडे वादळाचा स्वतःचा वेग वाऱ्यात मिळतो, त्याचीही भर.

इंजिनरूम

आमच्याकडे हेच वेगळ्या नावाने शिकवतात. उत्तर गोलार्धात वादळाची उजवी बाजू म्हणजे धोक्याचं अर्धवर्तुळ, डावी बाजू म्हणजे त्यातल्या त्यात जाता येण्यासारखं. डेकवाल्यांना परीक्षेत हमखास विचारतात. पाणीही तिकडेच जास्त गार होतं हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

चहाबाज

पुणेकराने समुद्रात चूक काढली आणि ती बरोबर निघाली. धागा फ्रेम करून लावा.

ह्यूस्टनची_मावशी

इंजिनरूम, डायरीचं विसरू नका. दिवाळी झाली.

इंजिनरूम

मावशी, आलो कालच चिपळूणहून. ट्रंकेत खालच्या बाजूला पाणी शिरलं होतं, बाबांच्या पॉलिसीची कागदपत्रं गेली, माझी डायरी वरच्या कप्प्यात म्हणून वाचली. पानं फुगलीत, पेन्सिलने लिहिलेलं म्हणून टिकलं.

आधी कबुली. २४ नव्हतं. सर्वांत कमी २६ आहे. अठरा वर्षांत मी स्वतःच दोन अंश ढवळले. पुरावासाहेब, तुमचा विजय.

आकडे असे, दर चार तासांनी एक, जहाज उत्तरेला चाललेलं, अंतर प्रत्येकी शंभरेक किलोमीटर: २९.५, २९.५, २९, २८, २६, २६.५, २८, २९. तेव्हाचा सेकंड मेट आता कॅप्टन आहे, त्याला फोन लावला. त्याला स्वच्छ आठवतंय की आठ ते बाराच्या माझ्या वॉचमध्ये आम्ही टायफूनची वाट ओलांडली, कारण तो तेव्हा झोपायचं सोडून ब्रिजवर कॉफी पीत चार्टवर रेघ बघत बसला होता. माझ्या त्या वॉचची नोंद २८ आहे. २६ त्याच्या पुढची, बारा ते चारची.

बिनपाण्याचा_मासा

थांबा थांबा. टायफून पश्चिमेला चाललेलं. पश्चिमेला तोंड केलं की उजवा हात उत्तरेला. तुम्ही दक्षिणेकडून आलात, वाट ओलांडली, आणि ओलांडल्यावर सर्वांत गार. म्हणजे उजवीकडे!

रेवा_पणजी

इंजिनरूम, त्या पानाचा फोटो काढून मला पाठवाल का? पेन्सिल दिसेल असा, उजेडात.

पुरावा_कुठाय

आठ नोंदी, एक जहाज, एक फुगलेली डायरी आणि एका माणसाची कॉफीची आठवण. यावर मी काही मानत नाही. फोटो मलाही पाठवा.